कडक शॉकअप म्हणजे स्थिर गाडी नव्हे

वरकुटे, निमगाव केतकी, इंदापूर या पट्ट्यात बुलेट पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता तिच्या जोडीला हिमालयन, इंटरसेप्टर, सुपर मीटिओर आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात चाकणला बनणारी डॉमिनार या गाड्या आल्या. गावातल्या गावात त्या कुरकुर करत नाहीत. मागे माणूस बसवून, बॅगा बांधून पुणे-सोलापूर महामार्गाला लागलं की मात्र तक्रारी सुरू होतात. ब्रेक मारला की तोंड खाली जातं, शंभरच्या आसपास हँडल हलकं वाटतं, वळणावर गाडी डुलते. यावर गॅरेजमध्ये मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो: ‘पुढचे शॉकअप कडक करून घ्या.’ हा सल्ला पुष्कळदा गाडी बिघडवतो, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा.

पुढच्या शॉकअपचं काम हाताला धक्का लागू न देणं एवढंच नाही. टायर सतत रस्त्याला टेकलेला ठेवणं हे त्याचं पहिलं काम. टायर क्षणभर जरी उचलला गेला, तरी तेवढा वेळ ना ब्रेक असतो ना वळण. अति कडक शॉकअपवर चाक खडबडीत रस्त्यावरून उड्या मारत जातं. चालवणाऱ्याला गाडी ‘घट्ट’ वाटते, पण तिची पकड कमी झालेली असते.

आता तोंड खाली जाण्याबद्दल. तो दोष आहे असं सरसकट धरलं जातं. सुपर मीटिओर ६५० चं वजन २४१ किलो; दोन माणसं आणि सामान मिळून एकूण ४०० किलो धरा. चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर मानला, तर कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारताना जवळपास ९५ किलो भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जातो. उसाच्या हंगामात वळणापलीकडे अचानक दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिसला की नेमकं हेच घडतं. भार सरकणं स्प्रिंगने थांबत नाही, ऑइलनेही थांबत नाही. शॉकअप त्या भाराखाली किती आणि किती वेगाने बसतो, एवढंच आपल्या हातात असतं.

थोडं बसणं तर उपयोगाचं असतं. हँडलच्या दांड्याची रेषा खाली वाढवली तर ती टायरच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ धावते, कमी असेल तर चटकन वळते. तोंड खाली गेलं की ट्रेल घटतो आणि वळणात शिरणं सोपं होतं. बीएमडब्ल्यूने १९९३ च्या आर ११०० आरएसवर टेलिलिव्हर नावाची रचना बसवून हे खाली जाणं बरंच कमी केलं. होंडाने २०१८ च्या गोल्ड विंगला पुढे डबल विशबोन दिलं. पण त्या गाड्यांचा पुढचा भाग मुळापासून तसा आखलेला आहे. साध्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या जोडीत, जाड ऑइल ओतून तो परिणाम साधत नाही.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज या ऑइलचाच आहे. ‘जाड ऑइल टाका, शॉकअप बसणार नाही.’ काही ठिकाणी तर सरळ इंजिन ऑइल ओततात. आपल्याकडच्या बहुतेक टेलिस्कोपिक फोर्कमध्ये ऑइल ठरावीक भोकांतून ढकललं जातं. पिचकारीचा दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, झटक्यात दाबला तर हाताला अडतो. इथेही तेच होतं. वेग दुप्पट झाला तर भोकाचा विरोध जवळपास चौपट होतो. ब्रेक मारताना शॉकअप त्या मानाने हळू बसतो, तेव्हा विरोध अपुरा पडतो. खड्ड्याची धार लागते तेव्हा चाक झपाट्याने वर येतं आणि तोच विरोध भिंतीसारखा उभा राहतो. ऑइल जाड केलं की ब्रेकवरचं बसणं जरा मंदावतं, पण खड्ड्याचा मार थेट मनगटात येतो. शिवाय बसलेला शॉकअप परत वर यायलाही वेळ लावतो. एकामागोमाग एक रंबलर आले, तर तो दर वेळी आणखी खालीच बसत जातो.

यावर खरा उपाय आहे. कार्ट्रिज एम्युलेटर नावाची छोटी व्हॉल्व फोर्कच्या आत बसवतात. हळू हालचालीत ती ऑइल अडवते आणि मोठा धक्का आला की स्प्रिंगच्या जोरावर उघडते. त्यासाठी आतल्या नळीची भोकं मोठी करावी लागतात, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

ऑइलची पातळी हा वेगळा विषय आहे आणि बहुतेक जण तो विसरतात. ऑइलच्या वर राहिलेली हवासुद्धा स्प्रिंगचं काम करते. पातळी थोडी वाढवली तर शेवटच्या टप्प्यात शॉकअप खडकन आपटत नाही, सुरुवातीचा मऊपणा मात्र तसाच राहतो. मोजमाप स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून, नळीच्या तोंडापासून करायचं असतं. दोन्ही बाजूंची पातळी सारखीच हवी. डब्यावरच्या ‘डब्ल्यू’ आकड्यावरही फार विसंबू नका. दोन कंपन्यांच्या एकाच आकड्याच्या ऑइलचा दाटपणा वेगळा असू शकतो.

‘प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते’ हेही खरं नाही. एका मिलिमीटरला एक किलो लागणारी स्प्रिंग दहा मिलिमीटर आवळून बसवली, तरी पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला ती एकच किलो मागते. प्रीलोडने फक्त गाडीची उंची बदलते. तो जास्त झाला तर नुकसान आहे. चाक खड्ड्यात उतरायला शॉकअपमध्ये खाली जायची जागाच उरत नाही, ते हवेत राहतं आणि पलीकडच्या काठावर आदळतं. म्हणून आधी मोजा. फोर्कच्या नळीवर प्लॅस्टिकचा टाय बांधा, रोजचे कपडे-बूट घालून गाडीवर बसा, दुसऱ्याला गाडी धरायला सांगा. गाडीच्या आणि तुमच्या मिळून वजनाने शॉकअप एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश बसायला हवा. इंटरसेप्टरचा प्रवास ११० मिलिमीटर, म्हणजे साधारण २८ ते ३६. हिमालयनचा २०० आहे, तिथे ५० ते ६५. प्रीलोड पूर्ण आवळूनही हा आकडा जास्तच येत असेल, तर स्प्रिंगच बदलायला हवी.

उलटे, म्हणजे यूएसडी फोर्क बसवले की प्रश्न मिटतो, हाही समज आहे. डॉमिनारला ते २०१९ मध्ये मिळाले. जाड नळी वरच्या क्लँपमध्ये धरलेली असल्याने फोर्क कमी वाकतो, हा खरा फायदा. पण आतली व्हॉल्व आणि स्प्रिंग सामान्य असेल, तर उलटा फोर्कही सामान्यच चालतो. तिथे ऑइल सील खाली, चिखलाच्या जवळ असतो. तो गळू लागला तर ऑइल ब्रेकवर उतरू शकतं, म्हणून पावसाळ्यात नळ्या पुसत चला.

माझं ठाम मत असं की हँडल हलण्याची निम्मी कारणं पुढच्या शॉकअपच्या बाहेरच असतात. मागच्या धुरीच्याही मागे जड बॅगा लटकवल्या की पुढच्या चाकावरचा भार उतरतो. मागे माणूस बसूनही मागचा प्रीलोड वाढवला नाही, तर गाडी मागे बसते आणि पुढचा भाग हलका होतो. जड सामान शक्यतो खाली आणि पुढे ठेवा. मग हवा तपासा. टायर थंड असताना, कंपनीने भारासाठी सांगितली तेवढी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेला. तो जास्त आवळलेला असेल तरी गाडी सरळ चालत नाही. चाक काढून परत बसवलं असेल तर धुरीचा नट आवळल्यावर फोर्क चार-पाच वेळा दाबून घ्या आणि मगच खालचा पिंच बोल्ट घट्ट करा. हा क्रम चुकला की फोर्कचे दोन पाय एकमेकांना धरून राहतात आणि शॉकअप उगाच कडक वाटतो. लोक मग ऑइल बदलत बसतात.

वेगात हँडल थरथरायला लागलं तर ते गच्च धरू नका. आवळलेल्या हातांनी थरथर वाढते. पुढचा ब्रेक दाबू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग थोडं पुढे न्या, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. वेग उतरला की रस्त्याच्या कडेला थांबा आणि आधी मागच्या बॅगा सोडून पाहा.