फ्रेंच आयर्नस्टोन भांडी

फ्रेंच आयर्नस्टोन ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तयार झालेली, जाड घडणीची, पांढरी किंवा दुधाळ रंगाची जेवणाची भांडी होत. 'तेर द फेर' (लोखंडी माती) या फ्रेंच नावातील लोखंड केवळ टणकपणाचे निदर्शक आहे. मातीत ते घातलेले नसते. इंग्लंडमध्ये चार्ल्स जेम्स मेसन यांनी १८१३ मध्ये आयर्नस्टोनचे एकस्व घेतले. मात्र आज या नावाने विकली जाणारी बरीच फ्रेंच भांडी काटेकोरपणे पाहता पांढऱ्या मातीची, झिलई दिलेली 'फाइन फायान्स' असतात. हे नाव शास्त्राचे कमी आणि बाजाराचे अधिक आहे.

क्रेल-माँटरो, जियाँ (स्थापना १८२१) व सारगमीन ही प्रमुख निर्मितिकेंद्रे होत. बुडावरील शिक्क्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. क्रेल व माँटरो येथील कारखाने १८४० मध्ये एकत्र आले, त्यामुळे जोडनावाचा शिक्का त्याआधीचा नसतो. १८७१ मध्ये सारगमीन जर्मनीच्या ताब्यात गेले व कंपनीने फ्रान्सच्या हद्दीत दिग्वाँ येथे कारखाना चालविला. दोन्ही गावांची नावे असलेली ताटली त्यानंतरचीच. शिक्का नसणे हा मात्र बनावटीचा पुरावा नव्हे.

या भांड्यांचा खरा शत्रू ओलावा आहे. झिलईखालची माती सच्छिद्र असून पाणी शोषते. माती फुगली की झिलईला केसासारख्या तडांचे जाळे पडते, त्यातून तेल व चहा आत मुरतो आणि तपकिरी डाग उमटतात. ते घालविण्यासाठी क्लोरीनयुक्त विरंजक वापरण्याचा प्रघात घातक आहे: आत राहिलेले क्षार सुकताना स्फटिकरूप घेतात व झिलईचे पापुद्रे सुटू लागतात. हायड्रोजन पेरॉक्साइड त्या मानाने सौम्य असले, तरी सोनेरी काठ किंवा जुनी दुरुस्ती असलेल्या भांड्यांवर ते वापरू नये. वस्तुतः पुष्कळ डाग तसेच राहू देणे श्रेयस्कर. वयाची खूण पुसण्यापायी भांडे गमावण्यात शहाणपण नाही.

धुण्यासाठी कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. यंत्रात धुणे, मायक्रोवेव्हमध्ये तापविणे व बराच वेळ भिजविणे टाळावे आणि रचून ठेवण्यापूर्वी भांडे पूर्ण सुकू द्यावे. ताटल्यांमध्ये मऊ कापड घालावे. सूपचे जड भांडे कानांना धरून न उचलता बुडाखाली हात देऊन उचलावे. जुन्या झिलईत शिसे असण्याचा संभव असल्याने, विशेषतः तडा गेलेल्या भांड्यांत, लिंबू, चिंच, दही असे आंबट पदार्थ ठेवू नयेत.