राखेची नक्षी आणि तीन फासे
अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत माणूस ‘बावा’ किंवा ‘बुध्या’ होतो तो आधी व्रताने. वेश नंतर चढतो. पाळणीच्या, म्हणजे या व्रताच्या, दिवसांत ब्रह्मचर्य राखायचे, खाटेवर झोपायचे नाही. मग अंगभर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळके भोपळे. पाऊल पडताच ते खडखडतात. ढोलावरचा नाच रात्रभर चालतो, होळी पेटते पहाटे.

दुसरे रूप खेळातही घेता येते, पण तिथली रीत वेगळी. अमेरिकेत १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या तलवार-जादूच्या खेळात पात्राचे बळ, चपळाई असे सहा गुण मुळात फाशांवर ठरत. प्रत्येक गुण म्हणजे तीन फाशांची बेरीज. एकूण २१६ शक्यतांपैकी १८ एकदाच येतो, १० आणि ११ मात्र प्रत्येकी २७ वेळा. साहजिकच बहुतेक वीर बेताचेच निघत. काठीच्या बुध्याला फासे टाकावे लागत नाहीत; त्याला पाळणी पुरी करावी लागते.