कामगाराची रजा (भाग ७) : ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

गेल्या आठवड्यात आपण भरपगारी वार्षिक रजेचा हिशेब पाहिला. आज आजारपणाची रजा, आणि त्यातही ती संपतानाचे दिवस. माणूस अजून पुरता बरा झालेला नसतो, पण मस्टरवर सही करून यंत्रापुढे उभा असतो.

पावसाळ्यात फोंड्यातल्या कुठल्याही दवाखान्यात जा. बाकावर बेथोडा, कुंडई, मडकईच्या औद्योगिक वसाहतींतली माणसं दिसतील. कुणाला साधा ताप, कुणाला डेंगी, कुणाचे सांधे चिकुनगुनियाने धरलेले. यातल्या डेंगीची एक गोष्ट प्रत्येक कामगाराच्या घरात माहीत असायलाच हवी. ताप दोन ते सात दिवस राहतो, पण खरा धोका ताप चढलेला असताना नसतो, तो उतरताना असतो. त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, प्लेटलेट घसरतात, रक्तदाब ढासळतो. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी ही त्याची लक्षणं. आणि आपला माणूस नेमका त्याच सकाळी म्हणतो, "आज अंग गरम नाही, जाऊन हजेरी लावतो."

ऑगस्टमधल्या एका सकाळी तिस्काच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणारा एक पोरगा मी पाहिला. कानाला मफलर, हातात ओआरएसची बाटली, चेहरा पिवळट. एवढ्यात कशाला निघालास म्हणून विचारलं, तर सुपरवायझरचा फोन आला होता म्हणाला : "येऊन नुसता बस, हलकं काम देतो." पण पॅकिंगच्या लाइनवर हलकं काम नसतं. पट्टा कुणासाठी थांबत नाही. आणि न जाऊन चालण्यासारखं नव्हतं, कारण महिन्यात एकही खाडा पडला तर त्याचा हजेरी बोनस जातो.

ही सक्ती कुठून येते ते पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनातल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू होते. पगार १८,००० असेल तर त्याचे पाऊण टक्का, म्हणजे १३५ रुपये कापले जातात. मालक सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ भरतो. त्या बदल्यात उपचार मिळतात आणि आजारपणात रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के रोख, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. क्षयासारख्या दीर्घ आजारांत हाच लाभ ८० टक्क्यांपर्यंत वाढतो आणि मुदतही लांबते. ऐकायला चांगलं वाटतं, आणि मोठ्या आजारात ते खरंच चांगलं आहे.

पण छोट्या तापात काय होतं? पहिले दोन दिवस कोरडे जातात. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस झाले नसतील तरच त्यातून सूट. रोजची मजुरी ६०० धरा. पाच दिवसांच्या तापात ३,००० बुडाले, मिळाले तीन दिवसांचे १,२६०. वर हजेरी बोनस गेला तो वेगळाच. अशा वेळी सहावा आणि सातवा दिवस, जे डेंगीत सर्वांत जपायचे, ते घरी काढायची हिंमत कुणाची होईल? त्याच माणसाचा हात अशक्तपणामुळे यंत्रात सापडला, तर कामावरची दुखापत म्हणून हीच योजना मजुरीच्या ९० टक्के देते. अपघाताला जास्त आणि तो टाळणाऱ्या विश्रांतीला कमी, हे मला कधीच पटलेलं नाही.

कंत्राटी कामगाराची अडचण याहून मोठी. रोख लाभासाठी सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते, आणि तिचं फळ मिळतं तीन महिन्यांनी सुरू होणाऱ्या पुढच्या सहामाहीत. जूनमध्ये लागलेल्या मुलीला ऑगस्टमध्ये डेंगी झाला तर तिला औषध मिळतं, पैसे मिळत नाहीत. मधे कंत्राटदाराने 'ब्रेक' दिला की दिवसांची बेरीजही कोलमडते. डिचोली-सत्तरीतून रोज येणाऱ्या किती जणांना हे कामावर घेताना सांगितलं जातं?

बरं होईपर्यंत पगार मिळावा ही मागणी आजची नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेतून जे निवेदन केलं, त्यात कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा असं कलम होतं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. बरं होण्याच्या काळाचा पगार मात्र लांबला. जर्मनीने आजारपणाचा विमा १८८३ मध्येच केला होता. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

सरकारी नोकराकडे पाहा. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्याच्या खात्यात दर वर्षी २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर ती निम्म्या दिवसांची पूर्णपगारी करून घेता येते. शिवाय वैद्यकीय रजेवर गेलेल्याला तंदुरुस्तीच्या दाखल्याशिवाय रुजूच होता येत नाही. बरं झाल्याची खात्री करून घेणं हा तिथे नियम आहे.

अन्न आणि औषधांच्या कारखान्यांत तर खासगीतही कायदा हेच सांगतो. ताप, जुलाब, कावीळ असलेल्या माणसाला अन्न हाताळू द्यायचं नाही, असं अन्नसुरक्षेचे नियम म्हणतात. औषधनिर्मितीतही उघडी जखम किंवा आजार दिसणाऱ्याला माल हाताळू देत नाहीत. म्हणजे कायदा त्याला आत येऊ नको म्हणतो आणि बिनपगारी खाडा त्याला आत ढकलतो. मंगेशी-म्हार्दोळच्या वाटेवरच्या छोट्या खाणावळीत, जिथे दहा माणसंही नाहीत, तिथे ईएसआयही नाही. तिथला आचारी आजारी पडला तर त्याच्याकडे नुसती मालकाची मर्जी उरते.

मालकांना माझं सांगणं इतकंच : आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा पगार तुम्ही द्या आणि डॉक्टरांचा दाखला असेल तर हजेरी बोनस कापू नका. वर्षाला प्रत्येक कामगारामागे हा खर्च थोडाच असतो.

आणि कामगारांनो, ईएसआयच्या डॉक्टरांकडे पहिल्याच दिवशी जा, दाखला त्याच दिवशी घ्या, कारण मागच्या तारखेचा दाखला मिळवणं कठीण जातं. कामावर परतण्याआधी फायनल सर्टिफिकेट मागा; कधीपासून कामाला लायक आहात ती तारीख त्यावर असते. सुपरवायझरचा फोन आला तर तीच तारीख त्याला सांगा. पुढच्या आठवड्यात : बाळंतपणाची रजा आणि कंत्राटी बायका.