मालमत्तेची व्याख्या आणि कायद्याची सार्वत्रिकता : ऑस्ट्रेलियातील भूमी-हक्क खटल्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

कायदा सर्वांना समान लेखतो, हा आधुनिक पाश्चात्त्य विधिविचाराचा पायाभूत दावा होय. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरील पट्टी हे याच दाव्याचे प्रतीक मानले जाते. तथापि कायदा ज्या संकल्पनांच्या आधारे मालमत्ता, पुरावा आणि हक्क यांची ओळख पटवितो, त्या संकल्पना कोणत्या समाजाच्या अनुभवातून घडल्या, हा प्रश्न या प्रतीकामागे झाकला जातो. वसाहतवादाच्या अभ्यासकांनी नेमके याच प्रश्नावर बोट ठेवले आहे. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या भूमी-हक्क खटल्यांच्या आधारे या टीकेचे स्वरूप व तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. ‘कोणाचीच नसलेली’ भूमी

सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक याने मालमत्तेचा उगम श्रमात आहे, असे प्रतिपादन केले. हा सिद्धान्त सर्व मानवजातीसाठी मांडलेला असला, तरी जमिनीच्या बाबतीत लॉकला अभिप्रेत असलेला श्रम म्हणजे नांगरट, पेरणी आणि कुंपण. शिकाऱ्याने मारलेले हरीण त्याचे ठरते. ज्या रानात तो पिढ्यान्‌पिढ्या शिकार करतो, ते रान मात्र त्याचे ठरत नाही. इंग्लंडमधील शेतीची रीत अशा प्रकारे मानवी श्रमाचे सर्वसाधारण माप बनली. पुढे १७५८ मध्ये व्हॅटेल याने भूमीची मशागत करणे हे राष्ट्रांचे कर्तव्य असल्याचे सांगून या विचाराला आंतरराष्ट्रीय कायद्यात स्थान दिले.

१७८८ मध्ये न्यू साऊथ वेल्स येथे ब्रिटिश वसाहत स्थापन झाली, तेव्हा या विचाराचे परिणाम प्रत्यक्षात दिसले. आगीचा नियंत्रित वापर करून गवताळ प्रदेश राखणारे आणि प्रत्येक पाणवठ्याशी कुळाचे नाते सांगणारे समाज तेथे हजारो वर्षे नांदत होते. परंतु नांगर आणि कुंपण नसल्याने त्यांची भूमी कायद्याच्या दृष्टीने रिकामी ठरली. १८८९ मध्ये ‘कूपर विरुद्ध स्टुअर्ट’ या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही वसाहत स्थायी रहिवासी व स्थिर कायदा नसलेला प्रदेश होती, असे गृहीत धरले. पुढील शंभर वर्षे हे गृहीतकच ऑस्ट्रेलियन कायद्याचा आधार राहिले.

२. गोव्ह खटला : कायदा मान्य, मालमत्ता अमान्य

या पूर्वग्रहाचे सर्वांत बोलके उदाहरण १९७१ चे आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील गोव्ह द्वीपकल्पावर योलंगू समाजाची वस्ती आहे. तेथील बॉक्साइटच्या खाणकामासाठी जमीन देण्याचे सरकारने ठरविले, तेव्हा योलंगूंनी १९६३ मध्ये सालीवर चितारलेले निवेदन संसदेला सादर केले. त्याचा उपयोग न झाल्याने त्यांनी ‘नाबाल्को’ या कंपनीविरुद्ध व सरकारविरुद्ध दावा दाखल केला.

न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योलंगूंची साक्ष आस्थेने ऐकली. या समाजाची व्यवस्था सूक्ष्म, स्थिर आणि व्यक्तीच्या लहरीवर नव्हे तर नियमांवर चालणारी आहे, असा निःसंदिग्ध निष्कर्षही त्यांनी नोंदविला. तरीही दावा फेटाळला गेला. उपभोगाचा, इतरांना मज्जाव करण्याचा आणि हस्तांतरणाचा अधिकार ही मालमत्तेची लक्षणे होत, अशी न्यायालयाची भूमिका होती. योलंगूंच्या दृष्टीने मात्र भूमी कुळाची असण्यापेक्षा कुळच भूमीचे असते. असे नाते इंग्रजी कायद्याच्या व्याख्येत बसले नाही.

येथे न्यायाधीशाच्या मनात आकस नव्हता, ही बाब महत्त्वाची आहे. पूर्वग्रह व्यक्तीत असता तर न्यायाधीश बदलून तो दूर झाला असता. तो व्याख्येत असल्याने प्रामाणिक न्यायाधीशाच्या हातूनही त्याची अंमलबजावणी झाली.

३. माबो निर्णय व पुराव्याचा प्रश्न

१९९२ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतील मेरिअम लोकांच्या दाव्यावर, म्हणजेच ‘माबो’ खटल्यात, ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मतांनी जुने गृहीतक नाकारले. मूलनिवासींच्या स्वतःच्या रूढी व कायदे हाच त्यांच्या भूमी-हक्काचा उगम आहे, हे तत्त्व मान्य झाले आणि १९९३ मध्ये त्यानुसार कायदाही झाला.

परंतु व्याख्येतील अडसर दूर होताच पुराव्याचा अडसर पुढे आला. परंपरा वसाहतकाळापासून मुख्यतः अखंड चालू असल्याचे दावेदारांनी सिद्ध करावे, अशी अट होती. ‘योर्टा योर्टा’ खटल्यात प्रथम न्यायालयाने समाजातील व्यक्तींच्या मौखिक साक्षीपेक्षा एडवर्ड कर या गोऱ्या वसाहतकाराच्या १८८३ मधील ग्रंथाला अधिक महत्त्व दिले आणि २००२ मध्ये उच्चतम न्यायालयाने दावा अंतिमतः फेटाळला. ज्यांना भूमीवरून हुसकावले, त्यांच्याकडूनच अखंडतेचा पुरावा मागितला गेला. आणि लिखित शब्द मौखिक परंपरेहून विश्वसनीय, हे गृहीतही तसेच राहिले.

मार्च २०२५ मध्ये मात्र गोव्ह द्वीपकल्पाच्याच संदर्भात ‘युनुपिंगू’ खटल्यात उच्चतम न्यायालयाने, मूलनिवासींचा भूमी-हक्क संपुष्टात आणणे हे संविधानानुसार न्याय्य भरपाईस पात्र असलेले संपादन ठरू शकते, असा निर्णय दिला. ज्यांच्या नावे हा दावा होता, ते गॅलरवॉय युनुपिंगू तरुणपणी १९७१ च्या खटल्यात दुभाषे होते. निकालापूर्वी, २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

४. टीकेच्या मर्यादा

अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने १९४७ मध्येच, सर्व संस्कृतींना लागू होणारी हक्कांची सनद केवळ पाश्चात्त्य मूल्यांवर उभारता येईल काय, अशी शंका उपस्थित केली होती. अँटनी अँघी यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याची घडण वसाहतवादी संघर्षातच झाल्याचे दाखविले. मात्र या टीकेतून ‘प्रत्येक संस्कृतीचा न्याय वेगळा’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. कारण रूढीच्या नावाखाली स्त्रिया व दुर्बल घटक यांच्यावरील अन्यायही समर्थनीय ठरू शकतो. शिवाय सार्वत्रिकता ही पश्चिमेचीच निर्मिती, हे म्हणणेही अपुरे आहे. १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थी घेता येणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ हा शब्दप्रयोग भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे आला. उपेंद्र बक्षी यांनी तर मानवी हक्कांचे खरे कर्तृत्व संघर्ष करणाऱ्या जनसमूहांकडे जाते, असे मांडले आहे.

५. भारतीय संदर्भ

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलावरील राज्यसंस्थेची मालकी दृढ केली आणि आदिवासींचे परंपरागत हक्क बहुतांशी सवलतींच्या पातळीवर आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय उद्देशिकेतच मान्य केला. त्याखालील नियमांत ज्येष्ठ व्यक्तींची निवेदनेही पुरावा म्हणून ग्राह्य धरली आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. योर्टा योर्टा खटल्याच्या पार्श्वभूमीवर पुराव्याच्या व्याख्येतील हा बदल विशेष लक्षणीय वाटतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कायद्यातील सांस्कृतिक पूर्वग्रह त्याच्या उघड भेदभावापेक्षा त्याच्या व्याख्यांमध्ये अधिक खोलवर असतो. त्यावरील उपाय सार्वत्रिकतेचा त्याग हा नव्हे. मालमत्ता म्हणजे काय आणि पुरावा कशास म्हणावे, हे ठरविताना ज्यांचा अनुभव वगळला गेला, त्यांना त्या व्याख्येत सहभागी करून घेणे हाच तो उपाय होय. सार्वत्रिकता ही कायद्याची आरंभीची अवस्था नसून, अशा सहभागातून हळूहळू गाठावयाचे ते उद्दिष्ट आहे.