पेरूची पणजी रोमची!

मित्रांनो, पेरूला पेरू का म्हणतात? "पेरू देशातून आला म्हणून!" असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. उत्तर सुचतं झकास, पण भाषेचे अभ्यासक वेगळीच वाट दाखवतात. ती वाट थेट रोमला जाते!

दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक लॅटिन भाषा बोलत. नासपतीला ते 'पिरुम' म्हणत. पुष्कळ नासपती असल्या की 'पिरा'. आता बाजारात फळ एकटं थोडंच दिसतं? लोकांच्या तोंडी 'पिरा'च बसलं आणि हळूहळू तेच एकवचन होऊन गेलं.

या पिराची लेकरं युरोपभर पसरली. इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'पेरा', फ्रेंचमध्ये 'प्वार', इंग्रजीत 'पेअर'. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर 'पेरे' आणि चक्क 'पेरू' अशी रूपं होती! जर्मनमध्ये झालं 'बिर्न'. जर्मन लोक विजेच्या गोल दिव्यालाही 'बिर्न' म्हणतात. आकार आठवा, म्हणजे कारण कळेल.

मग आपला पेरू? हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा जिंकलं आणि पुढे त्यांच्या जहाजांतून हे फळ आपल्याकडे आलं. पोर्तुगीजमध्ये त्याला 'गोयाबा' हे नाव होतं. पण दिसायला ते नासपतीसारखं, म्हणून इकडे त्याला 'पेरा'च म्हणू लागले. कोकणीत झालं 'पेर', मराठीत 'पेरू', बंगालीत 'पेयारा', श्रीलंकेच्या सिंहलीत 'पेर', पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत 'पेरा'. नकाशावर ही ठिकाणं जोडा, पोर्तुगीज जहाजांचा मार्गच दिसेल! गोव्यात पेरूच्या गोड वड्यांना आजही 'पेराद' म्हणतात.

आणखी एक गंमत. हिंदीतला 'अमरूद' आला फारसीतून. फारसीत अमरूद म्हणजे काय? नासपतीच! दोन वेगळ्या भाषांनी नव्या पाहुण्याला एकाच जुन्या फळाचं नाव दिलं.

म्हणजे बघा, मंडईतला आपला हा अगदी घरचा शब्द किती समुद्र ओलांडून आलाय! आलेल्या पाहुण्याला आपलंसं करते, म्हणून तर भाषा वाढते.

आता तुमची पाळी. पाव, चावी आणि पगार हे शब्दही पोर्तुगीजमधून मराठीत आले. त्यांची लॅटिन पणजी कोण? आई-बाबांना सोबत घ्या, शब्दकोश उघडा आणि शोधून काढा!