काउंटरपलीकडचे काका

किट आता एका क्लिकवर घरी येतं. पण ते जोडायला शिकवणारं कोपऱ्यावरचं दुकान? ते मात्र गुपचूप गायब होतंय...

शनिवारची दुपार कशी घालवता? मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर सोफ्यावर आडवं पडून मोबाइलवर अंगठा फिरवत... खरं ना? माझी शनिवारची दुपार एका चिमट्याच्या टोकावर असते. चिमट्यात तुरीच्या डाळीएवढं चाक, डोळ्यावर भिंग आणि शेजारी गार होत चाललेली कॉफी. मी प्लॅस्टिकची विमानं बनवते. "म्हणजे लहान मुलांची खेळणी?" हा प्रश्न ऑफिसात इतक्या वेळा ऐकलाय, की आता मी नुसती हसते.

हा प्रकार ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉडेल किटच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले पन्नास-साठ सुटे तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि शेवटी पाण्यात भिजवून सुटणारी चिन्हं अलगद वर सरकवायची. विमानांचं सगळ्यात लाडकं माप १:७२. म्हणजे सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा! खऱ्या स्पिटफायरच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सव्वाअकरा मीटर, माझ्या टेबलावरच्या स्पिटफायरची साडेपंधरा सेंटिमीटर.

हा नाद मला पुण्यात लागला नाही. तो लागला इंग्लंडमध्ये आणि तोसुद्धा एका दुकानामुळे.

'हे नको घेऊस'

कंपनीने दोन वर्षांसाठी ऑनसाइट पाठवलं होतं. इंग्लंडच्या मधोमध, मिडलँड्स भागातलं एक मध्यम गाव. पाच वाजता ऑफिस रिकामं, सहाला रस्ते रिकामे. वीकएंडला काय करायचं, हा खरा प्रॉब्लेम. एका शनिवारी पावसापासून आडोसा म्हणून मी एका दुकानात शिरले. छतापर्यंत खोकी, रंगांच्या बारक्या डब्यांची भिंत आणि गोंदाचा उग्र वास. मी ऐटीत सगळ्यात मोठं खोकं उचललं, चार इंजिनांचं लँकेस्टर बॉम्बर.

काउंटरपलीकडच्या काकांनी ते माझ्या हातातून चक्क काढून घेतलं. "पहिल्यांदाच ना? मग हे नको घेऊस. अर्ध्यात वैतागशील आणि पुन्हा इकडे फिरकणार नाहीस." त्यांनी पुढे सरकवली एक छोटी स्पिटफायर. सोबत रंग, ब्रश आणि गोंद असलेला स्टार्टर सेट. किंमत लँकेस्टरच्या पाव हिश्शाचीही नसेल. दुकानदाराने महागडी वस्तू परत ठेवायला लावण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग!

मग काउंटरवरच एक मोडका पंख घेऊन त्यांनी दहा मिनिटांचा क्लास घेतला. मॉडेलचा गोंद फेव्हिकॉलसारखा चिकटत नाही, तो प्लॅस्टिक वितळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. म्हणून तो थेंबभरच लावायचा. कॉकपिटच्या पारदर्शक काचेला मात्र तो अजिबात लावायचा नाही, काच धुरकटते. तिथे साधा पांढरा गोंद. तुकडे हाताने पिळून तोडायचे नाहीत, कटरने कापायचे. सूचनांच्या कागदावर यातलं फारसं काही नसतं.

पुढचे जवळजवळ सगळे शनिवार मी तिथेच होते. तिथे एक रिटायर्ड रेल्वेवाले यायचे, त्यांचा विमानांच्या रंगावरून कुणाशी ना कुणाशी वाद ठरलेला. नाइट शिफ्ट संपवून येणारी एक नर्स होती, तिला फक्त जहाजं आवडायची. आजीचं बोट धरून येणारा दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो काउंटरवर नाणी मोजून ठेवायचा आणि कमी पडली तर काका दुसरीकडे बघायचे. परक्या गावात मला नावाने हाक मारणारी ही पहिली जागा.

२०१९ मध्ये दारावर पाटी लागली : 'दुकान बंद होत आहे'. भाड्याचा करार संपला होता, नवा परवडणारा नव्हता आणि काकांच्या मुलांपैकी कुणाला यात रस नव्हता. शेवटच्या आठवड्यात काकांनी मला विचारलं, "आता अडलं तर कुणाला विचारशील?"

"यूट्यूब आहे ना," मी म्हटलं.

"यूट्यूब तुला विचारेल का, आतापर्यंत काय काय बनवलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोन शिलिंगचं जहाज

ही गोष्ट एकट्या काकांची नाही. ब्रिटनमध्ये मॉडेल किट म्हणजे एअरफिक्स, इतकं ते नाव घराघरात पोचलेलं. १९३९ मध्ये निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थांनी ही कंपनी काढली. सुरुवातीला हवा भरलेली रबरी खेळणी, मग चक्क कंगवे! १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' या जहाजाचं छोटं किट आलं. ते वूलवर्थ्सच्या दुकानांत दोन शिलिंगला विकायचं, तर खोकं परवडेना. म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि वर घडी घातलेला छापील कागद. पोरांच्या खाऊच्या पैशांत बसणारी वस्तू, तीही आई भाजी-साबण घ्यायला जाते त्याच बाजारात. या एका आयडियाने दोन-तीन पिढ्यांना नाद लावला.

नंतरचा प्रवास मात्र डळमळीत. १९८१ मध्ये मूळ कंपनी बुडाली आणि ब्रँड या हातातून त्या हातात गेला. २००६ मध्ये तेव्हाची मालक हंब्रॉलही दिवाळखोरीत गेली आणि रेल्वे मॉडेलवाल्या हॉर्नबीने दोन्ही नावं विकत घेतली. ब्रँड वाचला, पण ज्या काउंटरवर तो विकला जायचा ते काउंटर एकेक करून गेले. जानेवारी २००९ मध्ये वूलवर्थ्सने ब्रिटनमधली सगळी, म्हणजे आठशेच्या वर दुकानं बंद केली. २०१३ मध्ये मॉडेलझोन ही खास मॉडेल्सची साखळी कोसळली, चाळीसहून जास्त दुकानं गेली. सुट्या एकांड्या दुकानांची तर बातमीही होत नाही. म्हातारे मालक शटर ओढतात आणि संपतं.

गणित काही जमेना

दोष ऑनलाइनला देऊन मोकळं होणं सोपं आहे. काकांच्या दुकानातही लोक खोकं हातात घेऊन बघायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि 'थँक यू' म्हणून निघून जायचे. पण धंद्याचं मूळ गणितच अवघड आहे.

मॉडेलच्या दुकानाला शेकडो किट आणि शेकडो रंग ठेवावेच लागतात. गिऱ्हाइकाला हवा असतो तो एकच विशिष्ट हिरवा आणि नेमका तोच नसला तर ते पुन्हा येत नाही. हंब्रॉलच्या रंगाची डबी १४ मिलिलिटरची. अशा किती डब्या विकल्यावर हाय स्ट्रीटवरचं, म्हणजे मुख्य बाजारातलं भाडं आणि 'बिझनेस रेट्स' नावाचा पालिकेचा कर निघणार? एखादं किट फळीवर तीन-तीन वर्षं पडून राहतं. गावाबाहेरच्या स्वस्त गोदामातून अख्ख्या देशाला माल पाठवणाऱ्याला हे परवडतं, काकांना नाही. त्यात कंपन्या स्वतःच्या वेबसाइटवरून थेट विकायला लागल्या.

बरं, ऑनलाइनवाल्यांचंही सगळं गोड चाललंय असं नाही. १९४६ मध्ये लिव्हरपूलला सुरू झालेलं हॅटन्स हे मॉडेल रेल्वेचं बडं नाव. त्यांचा ऑनलाइन पसाराही मोठा होता. तरी जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी धंदा आवरत असल्याचं जाहीर केलं.

नाद जिवंत आहे!

'आजकालच्या मुलांना पेशन्स नाही' हे वाक्य कुणी टाकलं, की मी २००९ची गोष्ट सांगते. बीबीसीच्या कार्यक्रमासाठी जेम्स मे या अवलियाने स्पिटफायरचं किट बनवून घेतलं, पण खऱ्या विमानाच्या आकाराचं! कॉसफर्डच्या आरएएफ म्युझियममध्ये ते जोडलं शाळकरी मुलांनी. लॉकडाऊनमध्येही हेच दिसलं. लोक घरात अडकले, माळ्यावरची जुनी किट खाली आली, नवी विकली गेली आणि कित्येक वर्षं तोट्यात असलेली हॉर्नबी नफ्यात आली.

आणि सगळ्यात मोठा धक्का? मिडलँड्समधल्याच नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी. हे लोक 'वॉरहॅमर' या खेळाचे इंच-दीड इंचाचे सैनिक विकतात. तेही तसेच, कापा-चिकटवा-रंगवा. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी ब्रिटनच्या शंभर बड्या कंपन्यांच्या एफटीएसई १०० यादीत जाऊन बसली. जगभर त्यांची स्वतःची पाचशेच्या वर दुकानं आहेत. बरीचशी छोटी, एकाच माणसाने चालवलेली. तुम्ही आत गेलात की तो माणूस ब्रश हातात देतो, एक सैनिक फुकट रंगवायला बसवतो आणि कसं खेळायचं ते शिकवतो. विक्री नंतर.

म्हणजे काका जे करत होते तेच ना? फरक एवढाच, की गेम्स वर्कशॉपमध्ये शिकवणारा आणि किट बनवणारा एकच आहे. दुकानात नवखा तयार झाला, की त्याच्या पुढच्या प्रत्येक खरेदीचा फायदा कंपनीलाच होतो. काकांनी तयार केलेला मुलगा मोठा होऊन ऑनलाइन खरेदी करायचा. शिकवण्याचा खर्च काकांचा, नफा दुसऱ्याचा.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे अशी दुकानं बंद व्हायला मुळात ती होतीच किती! आमच्या लहानपणी मेकॅनिक्सचे सेट होते. एअरफिक्स म्हणजे कुणाच्या तरी फॉरेनच्या मामाने आणलेलं कौतुक. पुढे पगार वाढले, हौस आली, तेव्हा किट महागलं. फेब्रुवारी २०२०च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्कही सक्तीचा झाला. देशी खेळणी वाढावीत, मुलांच्या हातात घातक माल पडू नये, हे हेतू चांगलेच. पण थोडंसं विकलं जाणारं, बाहेरून येणारं किट मागवणाऱ्या छोट्या दुकानदाराला हे पेलणं कठीण.

पण थांबा. स्केल मॉडेलिंग आपल्याला नवं आहे असं कोण म्हणतं? दिवाळीतला किल्ला काय असतो? माती, दगड, पोती, बुरूज, तळं, हळिवाची हिरवळ आणि वर मातीचे मावळे. मापाचा जरा गोंधळ असतो आणि मावळा बुरुजापेक्षा उंच निघतो, पण हा अस्सल डायोरामाच आहे. तो बनवायला आपल्याला कुठल्या दुकानाने शिकवलं? शिकवलं ते वाड्यातल्या, सोसायटीतल्या कुठल्यातरी दादाने, ताईने. "अरे, माती आधी चाळून घे" असं सांगणारं कुणीतरी होतं. आता किल्लेही तयार मिळतात, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे. किल्ला मिळतो, पण दादा नाही मिळत.

म्हणून गेलं वर्षभर मी एक उद्योग करतेय. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझ्या डायनिंग टेबलवर जुनी वर्तमानपत्रं पसरते. कधी चारजण येतात, कधी सात. टेस्टिंगमधली एक मुलगी येते, शेजारचे बँकेतले काका येतात, आठवीतला एक भाचा येतो. नवखं कुणी मोठं खोकं घेऊन आलं, की ते मी बाजूला ठेवते.

तुम्हालाही सुरुवात करायचीय?

• पहिलं किट लहानच घ्या. १:७२ मधलं एका इंजिनाचं विमान उत्तम. रंगवायचं टेन्शन असेल, तर बंदाईचे गुंडाम रोबो घ्या. तुकडे रंगीत असतात आणि गोंदाशिवाय जोडता येतात.

• चार वस्तूंवर पैसे खर्च करा : साइड कटर, चिमटा, बारीक सँडपेपर आणि एक चांगला ब्रश. बाकी सगळं नंतर.

• स्प्रेचे डबे परदेशातून मागवायच्या भानगडीत पडू नका. ते ज्वालाग्राही असतात, विमानाच्या पोस्टाने येत नाहीत. इथल्या दुकानात मिळणाऱ्या अॅक्रिलिक रंगांनी मस्त काम होतं.

• गोंद लावताना खिडकी उघडी ठेवा आणि पंखा बंद. नाहीतर चाक थेट सोफ्याखाली!

• पुण्यात असाल, तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. हौस कुठवर नेता येते ते कळेल.

• शहरात एखादं हॉबीचं दुकान तग धरून असेल, तर रंगाची एक डबी का होईना, तिथून घ्या. आणि दुकानदाराशी बोला. डबीच्या किमतीत तो बराच वेळ शिकवतो.