उपासिकांसाठी लिहिलेला 'आरसा'

थेरीगाथेत स्त्रिया स्वतः बोलतात. उत्तरकाळी भिक्षूंनी उपासिकांना उद्देशून जे लिहिले, त्याची परीक्षा निराळ्या रीतीने करावी लागते. जपानमधील 'त्सुमा कागामी' हा असाच एक लहान ग्रंथ होय. 'त्सुमा' म्हणजे पत्नी व 'कागामी' म्हणजे आरसा. भिक्षू मुजू इचिएन (१२२६–१३१२) यांनी तो सन १३०० मध्ये रचला.

तत्कालीन जपानात धर्मग्रंथ चिनी भाषेत असत आणि ते वाचण्याचे शिक्षण प्रायः पुरुषांनाच मिळे. स्त्रिया 'काना' या ध्वनिलिपीत लिहीत. मुजूंनी धम्म या लिपीत आणला. चुल्लवग्गात तथागतांनी आपले वचन 'सकाय निरुत्तिया', म्हणजे स्वभाषेत, शिकण्याची अनुज्ञा दिली आहे. (बुद्धघोष येथे मागधी असा अर्थ घेतात, तो आम्हांस पटत नाही.) त्या दृष्टीने मुजूंचे कार्य स्तुत्यच आहे.

ग्रंथाचा बराच भाग अनित्यता व कर्म यांविषयी असून तो पुरुषांनाही लागू पडतो. परंतु मध्येच मुजू सातव्या शतकातील चिनी विनयाचार्य दाओश्वान यांच्या आधारे स्त्रियांचे सात दोष सांगतात. त्यांत मत्सर आहे, कपट आहे, आणि मासिक स्रावामुळे देह सदैव अशुद्ध असतो, हाही एक दोष आहे.

मत्सर व कपट या चित्तवृत्ती होत. त्या पुरुषांतही असतात आणि प्रयत्नाने क्षीण होतात. ऋतुस्राव हा शरीरधर्म आहे. त्याला दोष म्हणणे म्हणजे माणसास जन्मानेच अशुद्ध ठरविणे. हा युक्तिवाद आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे आणि वसलसुत्ताने तो केव्हाच नाकारला आहे. स्त्रीच्या 'दोन बोटांच्या प्रज्ञे'वरून, म्हणजे शीत दाबून भात शिजला का हे पाहण्यापुरत्या बुद्धीवरून, माराने सोमा थेरीस हिणविले. चित्त समाहित असता स्त्रीत्वाचा प्रश्नच कोठे उरतो, असे तिने त्यास विचारले.

महापरिनिब्बानसुत्तातील स्त्रियांविषयीचा आनंदाशी झालेला संवाद उत्तरकालीन भिक्षूंनी घातलेला आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये 'महाबोधि' नियतकालिकातील लेखात प्रतिपादिले. तथागतांच्या एकंदर आचरणाशी ताडून पाहण्याची त्यांची कसोटी येथेही लावता येते. मुजूंच्या बाबतीत तर प्रक्षेप शोधण्याचेही श्रम नाहीत. आधार कोणाचा, हे ते स्वतःच सांगतात.

आजही काही घरांतील उपासिका पाळीच्या दिवसांत वंदनेस बसत नाहीत. तिपिटकात याला आधार नाही. ऋतुमती भिक्षुणींची आसने मळतात अशी अडचण संघात निर्माण झाली, तेव्हा विनयात त्यांच्यासाठी निराळे वस्त्र वापरण्याची अनुज्ञा देण्यात आली.